डॉक्टर प्रॉव्हिडन्स यांची शिफारस

"बस. वाचून दाखवतो," डॉक्टर प्रॉव्हिडन्स म्हणाले आणि त्यांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला.

केझियानं स्टूल ओढलं, पण ती बसली नाही. "डॉक्टर, मी ऐकायचं नसतं ते. शिफारसपत्र बघणार नाही म्हणून अर्जावर सही केलीय मी तिकडे."

"हात् तिच्या! तुझ्या पाठीमागे बोलावं असं तू काय केलंयस?"

ती बसली. शेवटचा पेशंट निघून गेला होता. मागच्या खोलीत सिस्टर बुशे भाजलेला नीरफणस सोलत होत्या, त्याचा करपट वास इथपर्यंत येत होता.

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांसाठी केझियाचा हा दुसरा अर्ज. परदेशी मुलांना घेणारी कॉलेजं मुळात मोजकी, आणि त्यांच्याकडेही जागा एखाद-दुसरी. गेल्या वर्षी एकानंही मुलाखतीला बोलावलं नव्हतं. यंदा जमलं नाही तर व्हिसा संपणार आणि ती बॅग भरून कायमची घरी येणार. तिच्या तिकडच्या कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी सरळ सांगितलं होतं, "मार्क आहेत तुला. पत्रं मात्र नुसती 'चांगली' आहेत, आणि इथं चांगली म्हणजे वाईट. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलंस, त्यांनी 'उभ्या आयुष्यात अशी मुलगी पाहिली नाही' असं लिहायला हवं. नाहीतर कोणी पान उलटत नाही." वर एक नमुनाही दिला होता. तो घडी घालून केझियाच्या पर्समध्ये होता. सुटीत घरी आल्यापासून तीन दिवस ती तो रोज दवाखान्यात आणत होती आणि रोज तसाच परत नेत होती.

काढणार तरी कशी? आमच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर तोंडावर कौतुक करायची रीत नाही. पोरं शेफारतात म्हणे. त्यात डॉक्टर प्रॉव्हिडन्स म्हणजे कहरच.

"'कुमारी केझिया ऑलिव्हिएर हिला मी सहा वर्षं ओळखतो,'" डॉक्टर वाचू लागले. "'ती वेळेवर येते. हात स्वच्छ धुते. विचारल्याशिवाय बोलत नाही. ज्वालामुखी फुटला त्या वर्षी शाळेतल्या छावणीत तिनं माझ्याबरोबर सतरा दिवस काम केलं. लोकांच्या डोळ्यांतली राख धुतली. ते काम…'" इथं त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी कागद उजेडाकडे आणखी सरकवला. "'ते काम समाधानकारक होतं.'"

मागच्या खोलीतली सुरी थांबली. सिस्टर बुशे तशाच काळ्या हातांनी दारात आल्या.

"अगं बाई! समाधानकारक? यांनी लिहिलं?" त्या केझियाला म्हणाल्या. "माझ्या बढतीच्या वेळी काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? 'हजर असते.' एकतीस वर्षं राबतेय मी इथं!"

"असताच की हजर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शेवटची ओळ वाचली. "'माझ्या मते ती डॉक्टर होण्यास योग्य आहे.'"

संपलं. पत्र अर्ध्या पानाचं होतं. ते वाचून सल्लागार बाई काय म्हणतील, हे केझियाला आत्ताच दिसत होतं. तिला रडू आलं नाही. रागही आला नाही. टाके घालायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं आत सगळं बधिर झालं होतं.

"डॉक्टर," पर्सच्या चेनवर बोट ठेवून ती म्हणाली, "आणखी थोडं काही लिहिता येईल का?"

डॉक्टरांनी खरंच विचार केला. छताकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं. "येईल. राहूनच गेलं होतं." आणि खाली त्यांनी लिहिलं, 'दमली तरी ती सांगत नाही.'

"हा 'योग्य' शब्द आजवर मी कुणाला दिला नाही, पोरी," शाई वाळायची वाट बघत ते म्हणाले. "माझ्या मुलानं लंडनला अर्ज केला, तेव्हा त्यालाही नाही. 'प्रयत्न करतो' असं लिहिलं. करत होता बिचारा. प्रवेश मिळाला नाही. बारा वर्षं झाली, फोन करत नाही." त्यांनी कागदाची कडा सरळ केली. "पण नव्हता तो योग्य. मग कसं लिहायचं?"

सिस्टर आत गेल्या. केझियानं चेनवरचं बोट काढलं.

पत्राचा फोटो तिनंच काढला, तिनंच तो कॉम्प्युटरवर चढवला. डॉक्टरांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. "मला तो माउसचा बाण दिसत नाही. तूच दाब."

तिनं दाबलं. पत्र पोचल्याची हिरवी अक्षरं आली. आता त्यात काही बदलता येणार नव्हतं.

"काय गं," सिस्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं डॉक्टरांनी विचारलं, "जास्त तर नाही ना झालं? तिकडचे लोक म्हणतील, म्हातारा लाडानं लिहितोय."

केझियानं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "समाधानकारक आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला. नीरफणस गार होतोय म्हणून सिस्टरांनी दोनदा हाक मारली, तरी त्यांनी चष्मा परत घातला नाही.