भक्तीच्या नावाचं पान

वजन कमी करायचं माझं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. तिसऱ्या घासाला अन्न अजूनही वर येतं. ते कुणाला कळू नये म्हणून मी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास धरत गेले. गाव मला देवभोळी म्हणतं. माझं बघून शेजारच्या भक्तीनंही तेच ऑपरेशन केलं. ती सुकत गेली आणि दोन वर्षांपूर्वी वारली.

अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची होती. तिच्या सासूबाई, बायनाबाई, मलाच बोलवायला आल्या.

"शीला, आज उपास सांगू नको, माय. तू जेवलीस की तिला पोचतं."

त्यांनी तुपात भिजलेली पुरणपोळी वाढली. देवाचं नाव घेऊन मी दोन घास गिळले. तिसरा छातीतच अडकला. भरलं पान सोडून मी मोरीकडे धावले.

तोंड पुसून परतले, तर बायनाबाई पानासमोर तशाच बसलेल्या.

"भक्तीबी तिसऱ्याच घासाला उठायची," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हणायची, शेजारची शीला बघ कशी ठणठणीत हाय, तूच नखरे करायलीस."

त्यांनी सरकलेला पाट नीट केला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ये भक्ती, बस. आता न्हाई रागवणार."