जिन्याचं दार

धोक्याची घंटा वाजली, लिफ्ट आपली आपण तळमजल्यावर जाऊन उभी राहिली आणि जिन्यातले पंखे घुमायला लागले. तिसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या चौघांनी माना डोलावल्या. आग कुठेच नव्हती. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली ही इमारत ताब्यात द्यायच्या आधीची शेवटची परीक्षा चालली होती, आणि सगळी यंत्रं आज पहिल्यांदाच एकदम चालवली होती.

एकेकटी ती केव्हाच पास झाली होती. लिफ्टवाल्याने लिफ्ट बघितली, घंटावाल्याने घंटा, पंखेवाल्याने पंखे. जो तो आपल्यापुरतं बघतो. या सगळ्यांची मोट बांधायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला साइटवर पाठीमागे 'खुसपट' म्हणत. तो ते मनावर घेत नसे. दारांना आणि झडपांना नावं ठेवण्यातच त्याचा दिवस संपायचा.

"झालं ना साहेब?" पंखेवाला म्हणाला. आडदांड गडी. त्याने जिन्याचं दार एका तळहाताने ढकललं तसा आतून वारा सुसाटत आला. "धूर जिन्यात शिरायचं नाव काढणार नाही. दार उघडायला लागणारा जोरही मापात आहे. काठावर, पण पास."

खुसपटने स्वतः दार ढकललं. उघडलं, पण जड. पलीकडून हवा रेटत होती. त्याने मागे वळून बघितलं. बाकावर त्याच्या सासूबाई बसल्या होत्या. याच मजल्यावर त्यांची खोली ठरली होती, ती बघायला त्या आल्या होत्या. ठरली म्हणजे त्यांनीच ठरवली होती. लेकीचा जीव मात्र खालीवर होत होता. आईला एकटीला झेपायचं नाही, आपल्याकडेच आणू, हे तिचं पालुपद. शेवटी 'तू बघून सांग' म्हणून तिने ते लोढणं नवऱ्याच्या गळ्यात बांधलं होतं.

"आई, जरा हे दार उघडता का?"

सासूबाई लगेच उठल्या. पर्स बाकावर ठेवली, दोन्ही हात दाराला लावले आणि ढकललं. दार ढिम्म.

"चपला सरकतात," त्या म्हणाल्या. चपला काढून त्यांनी परत जोर लावला. चार बोटं फट पडली आणि मिटली.

"सकाळपासून चहावरच आहे मी. म्हणून."

"राहू द्या आई."

"राहू द्या काय? थांबा जरा."

या वेळी त्यांनी खांदा लावला. मान ताठली, तोंड लाल झालं. लिफ्टवाला उगाचच आपल्या बुटांकडे बघत राहिला. दार उघडलं नाही. सासूबाई तशाच दाराला टेकून दम खात उभ्या राहिल्या. मग त्यांनी जावयाला बोटाने जवळ बोलावलं.

"जावईबापू," पंख्यांच्या आवाजाखाली त्या हळूच म्हणाल्या, "हे तिला सांगू नका. उद्या पोटभर जेवून येते आणि उघडून दाखवते."

परीक्षा दाराची चालली होती आणि या आपली समजून देत होत्या. तसं आधी सांगायचं खुसपटलाच सुचलं नव्हतं. दिवसभर यंत्रांशी बोलून माणसाशी बोलायची सवय जाते ती अशी.

"न सांगून कसं चालेल?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दार नापास झालंय."

"दार?"

"मग कोण? जे राहणार त्यांना उघडत नाही, त्याला दार म्हणायचं की भिंत?"

"साहेब, पण मापात आहे," पंखेवाला म्हणाला. त्याला उद्या दुसऱ्या कामावर हजर व्हायचं होतं.

"मापात आहे, कबूल. पण इथे तुझ्यासारखे पैलवान नाही यायचे राहायला."

पंखेवाल्याने सासूबाईंकडे बघितलं. हत्यारांची पेटी उचलून तो वर छतावर गेला. तिथली जास्तीची हवा बाहेर सोडणारी झडप त्याने थोडी सैल केली. खाली लिफ्टवाल्याने कुणी न सांगता दाराची स्प्रिंग ढिली करायला घेतली. त्याचं ते काम नव्हतं.

पहिल्या खेपेला दार उघडलं, पण परत नीट लागेना. दुसऱ्या खेपेला लागलं, पण पुन्हा जड. प्रत्येक खेपेला सासूबाई ढकलून बघत. आता त्यांना बोलवावं लागत नव्हतं. "अजून जड आहे," त्या म्हणत, किंवा "हे बरं आहे, पण शेवटी अडतं." पंखेवाला छतावरून फोनवर विचारी, "आजी काय म्हणतात?"

मग एकदा त्यांनी एकाच हाताने ढकललं आणि दार उघडलं. त्या जिन्यात गेल्या. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस कपाळावर आले. दार त्यांच्या मागे आपलं आपण लागलं. ते उघडून त्या परत बाहेर आल्या. घंटावाला हसला.

"वरच्या मजल्यावर कोण येणारेय?" त्यांनी विचारलं.

"एक आजीच आहेत. तुमच्याहून थोरल्या."

"मग त्यांचं दार बघायला हवं. चला."

तेवढ्यात खुसपटचा फोन वाजला. बायको होती. "बघितलंस का? आईला जमेल तिथे?"

त्याने फोन सासूबाईंपुढे धरला.

"मी आत्ता कामात आहे गं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बोलू."