गाणं ओळखा

दर रविवारी दुपारी शाळेपासूनचे आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर गाणं ओळखायचा खेळ खेळतो. मी गाण्याची सुरुवातीची धून वाजवायची, बाकीच्यांनी नाव सांगायचं. "कॅमेरे चालू ठेवा रे, तोंडं दिसू दे," हा आग्रह प्रविणचा. वर्षभर जिंकतोही तोच.

पण नाव सांगायच्या आधी तो खाली बघून काहीतरी वाचतो, हे पेणच्या नमिताने हेरलं. "धनेश, हा दुसऱ्या मोबाईलवर गाणी ओळखायचं ॲप लावून बसतो हाय," ती मला म्हणाली. माझं डोकंच फिरलं. धाटावच्या एमआयडीसीत मी आणि प्रविण एकाच केमिकल प्लांटमध्ये, एकाच शिफ्टला, आणि जिंकल्याचा तोरा हा तिथे सगळ्यांसमोर मिरवायचा.

या रविवारी मी गाणं लावलंच नाही. गॅस सुटला की आमच्या प्लांटमध्ये जो भोंगा वाजतो, तो ड्रिलच्या दिवशी मोबाईलमध्ये रेकॉर्ड केला होता. तोच मोठ्याने लावला. ॲपला तो सापडणार नाही. प्रविणने नुसते कान दिले तरी क्षणात कळेल.

स्क्रीनवर त्याच्या मागे बसलेली त्याची बायको, ऋतुजा वहिनी, दचकून उठली आणि प्लांटजवळच्या त्यांच्या घराच्या खिडक्या धडाधड लावायला लागली.

प्रविणने दुसऱ्या मोबाईलकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "नवीन गाणं दिसतंय. आपल्या ऐकण्यातलं नाय."