वरच्यांचं पाणी

पुष्पलताबाई बाथरूममध्ये छत्री उघडूनच आंघोळीला बसायच्या. छताचा रंग पोपडे होऊन लोंबत होता, बुरशीचा काळा डाग पसरत चालला होता आणि त्यातून पिवळसर थेंब गळायचे. नेमका त्याच्या वर, वरच्या मजल्यावरच्या टिपणिसांचा संडास होता. कितीही साबण लावला तरी बाईंना स्वतःच्याच अंगाची किळस यायची.

"तुमच्याच गरम पाण्याची वाफ आहे ती," टिपणीस दर वेळी सांगायचे. "खिडकी उघडी ठेवा."

शेवटी रविवारी बाईंनी त्यांना घरी बोलावून छताखाली उभं केलं.

"वाफच आहे ही," मान वर करून ते म्हणाले. तेवढ्यात वर त्यांच्या घरात कुणीतरी फ्लश केला. भिजलेल्या गिलाव्याचा ढपला त्यांच्या खांद्यावर कोसळला आणि मागोमाग घाण पाण्याची धार थेट उघड्या तोंडात गेली. ते बेसिनवर वाकून ओकत राहिले.

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं.

दुसऱ्याच दिवशी प्लंबरने वरच्या संडासाचं भांडं उखडून फुटका पाइप बदलला. छत खरवडून, वाळवून नवा गिलावा झाला, रंगही झाला.

मग टिपणीस पेढे घेऊन आले. "पाइप फुटलाय हे मला ठाऊक होतं हो. पण फरशी फोडायची म्हणजे घरभर घाण होते."

बाईंनी पुडा परत त्यांच्या हातात ठेवला. "छत कोरडं झालं. पण तुमच्या हातचं माझ्या घशाखाली उतरणार नाही."