डावखुऱ्याचा उजवा हात

"खरा कुत्रा कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

दारातल्या माणसाने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. चाळिशीचा होता, कानशिलावर थोडं पांढरं. तो जरा थांबला.

"कुत्रा नव्हताच. कुत्रं जवळ आलं की बाबांना शिंका यायच्या. मांजर होतं, एका डोळ्याने आंधळं. गोष्टीत बाबांनी त्याचा कुत्रा केला."

आत आरामखुर्चीत लेखकाने मान वर केली. "अगं, आत तरी घे त्याला!"

"थांबा हो. आधीच्या तिघांनाही तुम्ही असंच आत घ्यायला निघाला होतात."

ते तिघे 'डावखुरा'चे वाचक होते. सगळे अंक तोंडपाठ, आणि अंकात नसलेलं काही विचारलं की पाचावर धारण. बाईंनी तिघांनाही जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

डावखुरा हा चित्रकथेतला वीर. नऊ वर्षांचा मुलगा कराटेच्या क्लासला म्हणून घरून निघतो, रस्ता चुकतो, डोंगरावरच्या एका गुरूकडे पोचतो आणि नुसत्या हातापायांनी लढायला शिकतो. गोष्ट लेखकाची, चित्रं बाईंची. त्या दोघांचा मुलगाही नऊ वर्षांचा असताना कराटेच्या क्लासला म्हणूनच निघाला होता. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. वर्षभराने लेखकाने पहिला अंक लिहायला घेतला. मुलगा कुठेतरी काहीतरी शिकतोय, एवढंच त्याला लिहायचं होतं.

इतर वीर वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. डावखुरा दर वाढदिवसाला एका वर्षाने वाढायचा. बाई त्याला वाढवायच्या. पंधराव्या वर्षी मिसरूड, तिशीत डोळ्यांखाली रेघा. यंदा कानशिलावर पांढरं आलं. शेवटच्या पानावर घराचा पत्ता असायचा. कुठे आपल्या मुलाने वाचलंच, तर यावा म्हणून.

नावाची मात्र गंमतच. बाईंनी पहिल्या अंकात काढलेला मुलगा उजव्या हाताने लढत होता. छापखान्यात सगळी चित्रं आरशातल्यासारखी उलटी लागली. अक्षरं नंतर चिकटवायची होती, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वाचकांना डाव्या हाताचा फटका भलताच आवडला. प्रकाशक म्हणाला, आता बदलू नका. मग दुसऱ्या अंकात लेखकाने गुरूकडून मुलाचा उजवा हात सात वर्षांसाठी पाठीशी बांधून घेतला आणि झाकली चूक.

असे एकतीस वर्षं अंक निघाले.

आता लेखकाचं हृदय दमलं होतं. डोळे तर आधीच गेले होते. ऑपरेशन सांगून चार महिने झाले, पण हा गृहस्थ एक रात्रही घराबाहेर काढायला तयार नव्हता. "तो आला आणि दाराला कुलूप असलं तर?" एवढंच म्हणायचा. "मी आहे ना घरी," असं बाईंनी म्हटलं की म्हणायचा, "तू तर दिवसभर दवाखान्यात माझ्या उशाशी बसशील." बाई भांडल्या. अबोला धरून पाहिला. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन झालं नाही तर पुढचा महिना धरू नका. बाई घरी आल्या आणि भांडी घासायला बसल्या. रडू आलं नाही. ते केव्हाच आटलं होतं.

"झोपताना काय लागायचं?" बाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

"कराटेचा पट्टा. उशीखाली. पांढराच होता, पण मी शाळेत पिवळा सांगायचो."

हे कुठल्याच अंकात नव्हतं. लेखकाने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. बाई दारातून बाजूला झाल्या.

चहा झाला. बाईंनी कप पाहुण्याच्या उजव्या हाताशी ठेवला. त्याने तो डाव्या हाताने उचलला. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि साखरेचा डबा बंद केला.

"इकडे ये," लेखक म्हणाला. "खिडकीची काच फोडली होतीस बघ. एका फटक्यात."

"सात टाके पडले होते, बाबा."

"हो रे. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा हात मीच धरून ठेवला होता. दाखव."

पाहुणा खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. बाही वर सारून त्याने डावा हात पुढे केला. बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

लेखकाची बोटं मनगटापासून कोपरापर्यंत गेली, व्रणावर आली आणि तिथे खूप वेळ थांबली.

"हाच," लेखक म्हणाला. मग त्याने पाहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला. "किती उशीर केलास रे गाढवा."

पाहुणा तासभर बसला. निघताना वाकून नमस्कार केला, पुन्हा येतो म्हणाला. बाई त्याला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

"उजवा सांगितला होता तुला."

बाईंनी ठरवून आणलेल्या नटाचं तोंड एवढंसं झालं. "अहो, पण सगळ्या अंकांत डावाच आहे. मुद्दाम सगळे वाचून आलो."

"पहिला अंकच उलटा छापला गेला होता. सगळं सांगितलं मी तुला, मांजराचं, पट्ट्याचं. तेवढं ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"पण ते हाच म्हणाले की!"

बाईंनी फाटक लावलं. जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्या मनात वाक्य जुळवत होत्या. एकही जुळलं नाही.

लेखक उभा होता. चाचपडत त्याने कपाटावरची प्रवासाची बॅग खाली काढली होती आणि तिची चेन शोधत होता.

"सोमवारी जाऊ. डॉक्टरांना फोन कर."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी बॅग त्याच्या हातातून घेतली. त्याने त्यांचा हात सोडला नाही.

"पोरगा चांगला आहे. दवाखान्यात ये म्हणावं त्याला," लेखक म्हणाला. "आणि येताना तो व्रण उजव्या हाताला चिकटव म्हणावं."