बेलचा दिवा

बारकीने बटण दाबलं आणि टेबलावरचा लाल दिवा लागला. तिच्या जिवात जीव आला, पण समोर तिघं बसले होते, तेव्हा हुश्श करायची काही सोय नव्हती.

"पुन्हा दाब," प्राचार्य म्हणाले. पुन्हा लागला. मग फिजिक्सच्या मॅडमना राहवेना, त्यांनी स्वतःच दोनचारदा बटण दाबून पाहिलं. तिसरे गृहस्थ शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचे. ते आपले चहाच्या कपात बघत बसले होते.

गावातल्या कॉलेजात सायन्सला जाणाऱ्यांसाठी ही शिष्यवृत्ती, आणि ती एकालाच. अर्जाबरोबर स्वतः बनवलेली एखादी वस्तू दाखवायची होती. बाहेरच्या बाकावर कोणी मांडीवर रोबो घेऊन बसलं होतं, एकाने तर चक्क ड्रोन आणला होता. बारकीकडे दाखवण्यापुरतं फळीवर ठोकलेलं एक बटण, वायर आणि हा दिवा. ते सगळं बघूनच तिचं निम्मं अवसान गळालं होतं. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेजही नाही, मावशीच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

"याचा उपयोग काय?" गृहस्थांनी कपातून डोकं वर काढलं.

"आईला ऐकू येत नाही. दारावरची बेल वाजली की हा लागतो. तिच्या शिलाई मशीनसमोर, भिंतीवर टांगलेला असतो. एक शिवण झाली की ती मान वर करून बघते. सवयच झालीये तिला."

"बाजारात मिळतो की असला."

"मिळतो. पण बनवला तेव्हा मला माहीत नव्हतं."

मॅडम हसल्या. गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी दिवा हातात घेतला आणि उलटा करून मागची जोडणी नीट पाहिली. "हा इथे ठेवून जा," ते म्हणाले. "सोमवारी आमच्या अध्यक्षांना दाखवतो. वस्तू हातात आल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. नुसत्या कागदावर तिथे कोणाची डाळ शिजत नाही."

बारकीने मनात सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. आईने गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते फक्त आजच्यापुरतं.

"घरी अडेल का गं?" मॅडमनी विचारलं.

"छे, काही नाही अडत," बारकी म्हणाली.

परत येताना ती हवेतच होती. त्यांनी दिवा कसा उलटापालटा करून पाहिला, हे आईला नीट कळावं म्हणून ओठ हळूहळू हलवून ती रस्त्यातच तालीम करत होती. समोरून येणारा सायकलवाला तिच्याकडे बघतच राहिला. दाराशी पोचल्यावर तिने चपला काढल्या आणि रोजच्यासारखी बेल दाबली. आतून कडी होती. ऐकू येत नाही म्हणून आई दिवसाही कडी लावूनच बसायची.

आत बेल खणखणीत वाजली. तिने परत दाबली. तिसऱ्यांदा नेलेलं बोट बटणापाशीच थांबलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

ती बाजूच्या खिडकीशी गेली. आई तिच्याकडे पाठ करून मशीनवर बसली होती. हात हलवून उपयोग नव्हता, काच वाजवून तर नव्हताच. शिवण संपली, आईने दोरा तोडला, मान वर करून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि दुसरं कापड मशीनखाली सरकवलं. पोरीला यायला उशीर झाला होता, म्हणून आता ती शिवण अर्ध्यावर थांबवूनही खिळ्याकडे बघत होती.