मागचा जिना

आगीनंतर मुलींचं ते वसतिगृह पाडून टाकलं, तेव्हापासून त्या आगीत गेलेल्या लेकीसाठी जाऊन उभं राहायला आईला जागाच उरली नव्हती. वास्तुकलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची लाकडी प्रतिकृती आलीय असं कळलं, तशी ती तडक निघाली.

काचेच्या पेटीतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तिला लगेच सापडली.

"माझी पोर इथं राहायची," ती संग्रहालयाच्या बाईंना म्हणाली. बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

पेटीला वळसा घालून आई मागच्या बाजूला गेली आणि थबकली. "बाई, हा जिना कुठला? मागं तर नुसती भिंत होती."

बाईंचा आवाज उतरला. "ही प्रतिकृती मूळ आराखड्यावरून केलेली आहे, ताई. आग लागली तर मुलींना उतरता यावं म्हणून त्यात हा जिना दाखवला होता. बांधताना गाळला."

पोर वाचण्यासारखी नव्हतीच, उतरायला वाट तरी कुठून असणार, अशी मनाची समजूत घालून आईने इतकी वर्षं काढली होती. आता तिने त्या खोलीसमोर काचेवर बोट टेकवलं आणि मागच्या जिन्यावरून, एकेक पायरी करत, सावकाश खाली जमिनीपर्यंत आणलं.

"एवढंच तर उतरायचं होतं हो तिला," ती म्हणाली.